पोटाखालचा पर

ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठल्याही स्टेशनावर उतरा, दहा-पंधरा मिनिटं चाललात की ॲक्वेरियमचं एखादं तरी दुकान लागतंच. काचेच्या टाक्यांच्या खालच्या रांगेत, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, चार प्रकारचे मासे हमखास असतात: गप्पी, मॉली, प्लॅटी आणि सोर्डटेल. स्वस्त, काटक आणि अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, एक पेअर द्या. मेल-फिमेल बघून." दुकानदार जाळी फिरवतो, दोन मासे पिशवीत टाकतो, हवा भरतो, रबर लावतो. गप्पीची जोडी असेल तर ती बहुतेक वेळा खरीच जोडी निघते. प्लॅटीची असेल तर सांगता येत नाही. महिन्याभराने दोन्ही मासे पिल्लं देतात आणि घरातला नर कुठे गेला, असा प्रश्न पडतो. किंवा दोघंही एकमेकांच्या मागे धावत राहतात आणि पिल्लांचा पत्ताच नसतो.

यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही. आपल्याकडचा बराचसा माल कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून येतो आणि तिथे तो चेन्नईजवळच्या कोलातूरहून किंवा पश्चिम बंगालमधून आलेला असतो. जागा आणि खाणं वाचावं म्हणून मासे कोवळ्या वयातच विकले जातात. नेमकं याच वयात नर-मादी ओळखणं सर्वांत अवघड असतं. त्यात गर्दीच्या वेळी जाळीत सापडेल तो मासा दिला जातो. तेव्हा ओळखण्याचं काम आपणच शिकलेलं बरं.

बहुतेक जण रंग बघतात. रंगीत तो नर, फिकट ती मादी, मोठ्या शेपटीचा तो नर. गटारातल्या रानटी गप्पींना हा नियम चोख लागू पडतो. एखाद्या संथ नाल्याच्या कडेला उभं राहिलं तर मातकट-करड्या, गोलसर माद्या सहज दिसतात आणि त्यांच्याभोवती नखाएवढे, अंगावर नारिंगी-काळे-निळे ठिपके असलेले नर घिरट्या घालत असतात. नर जेमतेम तीन सेंटिमीटरचा, मादी त्याच्या दीडपट-दुप्पट. पण दुकानातले गप्पी हे पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेले आहेत. त्यांच्या काही वाणांत मादीचीही शेपटी लाल, निळी किंवा जाळीदार असते. शिवाय नराचं संप्रेरक देऊन मादीवर रंग चढवण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. असा मासा दिसायला नरासारखा आणि मुळात मादी. प्लॅटीत तर रंगाचा काही उपयोगच नाही, कारण लाल प्लॅटीचा नर लाल असतो आणि मादीही तितकीच लाल असते. काळ्या मॉलीत दोघंही डांबरासारखे काळे.

म्हणून नजर पाठीवरून आणि शेपटीवरून काढून पोटाखाली न्यावी. माशाच्या पोटाच्या मागच्या भागात, गुदद्वाराला लागून एकच पर असतो. तो गुदपर. मादीत तो उघडलेल्या घडीच्या पंख्यासारखा पसरट, त्रिकोणी असतो आणि ती पोहताना स्थिर राहतो. नरात तोच पर अरुंद, लांब आणि टोकदार होतो आणि एरवी शेपटीच्या दिशेने पोटाला चिकटून पडलेला असतो. परात काटे असतात, त्यांतला तिसरा, चौथा आणि पाचवा काटा नर वयात येताना लांब व जाड होतात. त्यांच्या टोकाशी बारीक आकडे आणि दाते तयार होतात. या बदललेल्या पराला गोनोपोडियम म्हणतात. नर त्याच्यातून शुक्राणूंच्या गुठळ्या मादीच्या शरीरात सोडतो. अंडी पाण्यात न फलता मादीच्या पोटातच फलतात आणि पिल्लं आईच्या पोटातून पोहतच बाहेर येतात, ती या एका परामुळे.

तो बघायचा कसा? टाकीसमोर उभं राहून मासा वरून पाहिला तर काहीच कळत नाही. डोळे टाकीच्या मध्यापर्यंत खाली आणायचे, मासा आडवा जाऊ द्यायचा आणि तो वळतो त्या क्षणाची वाट पाहायची. वळताना नर पुष्कळदा तो पर बाजूला, कधी थेट पुढे वळवतो. बिजागरीवर फिरावा तसा तो चक्क डोक्याच्या दिशेने येतो. हे एकदा दिसलं की पुन्हा शंका राहत नाही. दुकानात मिनिटभर गप्प उभं राहावं लागतं, एवढंच. दुकानदार "काय बघताय?" असं विचारेल. विचारू द्यावं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण बहुतेक फसगत इथेच होते. टोकदार पर दिसला तर मासा नर आहे, हे जवळजवळ नक्की. पसरट पर दिसला तर मात्र तो मादीच आहे असं सिद्ध होत नाही. जन्मतः सगळ्या पिल्लांचा गुदपर पसरटच असतो. गप्पीच्या नरात तो साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात बदलू लागतो आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत नर वयात येतो. मॉली आणि सोर्डटेलला याहून बराच वेळ लागू शकतो. त्यामुळे दुकानातल्या टाकीतल्या 'माद्यां'मध्ये अजून वयात न आलेले नरही असतात. पराचा होकार पक्का, नकार तात्पुरता.

मादीची खात्री करायला दुसरी खूण बघावी. गुदद्वाराच्या जरा वर, पोटाच्या मागच्या टोकाशी, एक गडद डाग असतो. हौशी लोक त्याला ग्रॅव्हिड स्पॉट म्हणतात. मादी पोटुशी असली की पोट ताणतं, तो डाग मोठा आणि काळसर होत जातो. फिकट कातडीच्या गप्पीत शेवटच्या दिवसांत त्यात पिल्लांचे डोळे काळ्या टिंबांसारखे दिसतात. सोनेरी वाणांत डाग नारिंगी असतो. लाल प्लॅटीत तो दिसायला प्रकाश आडवा असावा लागतो. काळ्या मॉलीत तर तो शोधण्यात अर्थ नाही, तिथे पुन्हा पराकडेच यावं लागतं. मोबाइलचा टॉर्च टाकीच्या मागून धरला की काळ्या मॉलीच्या पराची कड उजळते आणि त्याचा आकार दिसतो.

बलून मॉली ही मात्र एक वेगळीच गंमत आहे, खरं तर गंमत म्हणू नये. पाठीचा कणा वाकडा होऊन शरीर आखूड झालेला हा वाण. नर असो वा मादी, पोट गोल. "ही प्रेग्नंट आहे" असं सांगून विकल्या जाणाऱ्या बलून मॉलीत नरही असतात. असल्या वाणाची हौस का करावी, हे मला कधी कळलेलं नाही.

सोर्डटेलच्या शेपटीच्या खालच्या टोकाला लांब तलवार असते आणि ती फक्त नराला. त्यामुळे सोर्डटेल सर्वांत सोपा, असं वाटतं. प्रत्यक्षात सर्वांत जास्त दंतकथा याच माशाभोवती आहेत. "आमच्या मादीला तलवार फुटली, मादीचा नर झाला" असं सांगणारे मासेपाळ जगभर आहेत आणि त्यांना शास्त्राचाही आधार मिळाला होता. १९२६ साली एसेनबर्ग नावाच्या संशोधकाने सोर्डटेलच्या मादीचा पूर्ण नर झाल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि ती पुढे पाठ्यपुस्तकांत गेली. नंतरच्या संशोधनाने बाजू पालटली. सोर्डटेलमध्ये नरांचे दोन ढंग दिसतात. काही नर लवकर वयात येतात आणि लहानच राहतात, कारण वयात आल्यावर नराची वाढ जवळजवळ थांबते. काही नर मात्र महिनोन्‌महिने वयात येत नाहीत, वाढत राहतात, मादीएवढे मोठे होतात आणि मग त्यांचा गुदपर बदलतो, तलवार फुटते. इतके दिवस ते टाकीत मादी म्हणून फिरत असतात. आपण ज्याला 'मादीचा नर' म्हणतो तो पुष्कळदा पहिल्यापासून नरच असतो, फक्त उशिरा उघड झालेला. सोर्डटेलच्या काही जवळच्या जातींत हा उशीर कशामुळे होतो, हेही कळलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे वाय गुणसूत्रावर एमसी४आर या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात आणि त्यांच्यामुळे मोठ्या नरांचं वयात येणं लांबतं. म्हाताऱ्या माद्यांचा बीजकोश निकामी झाल्यावर त्यांना नरासारखी थोडी लक्षणं येतात, हेही खरं. पण लक्षणं येणं वेगळं आणि बाप होणं वेगळं.

लिंग ठरवण्याची या माशांची पद्धत आपल्यासारखी एक्स-वाय अशी सरळ असेलच असंही नाही. गप्पीत ती तशी आहे. प्लॅटीत मात्र एक्स, वाय आणि डब्ल्यू अशी तीन प्रकारची गुणसूत्रं आहेत, त्यामुळे वाय असूनही मादी असणारी प्लॅटी असते. सोर्डटेलच्या कुळातली आनुवंशिकता हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. गप्पीकडे परत येऊ.

गप्पीचं पहिलं शास्त्रीय वर्णन बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने १८५९ साली केलं, व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट लेचमीअर गप्पी या निसर्गवेड्या माणसाने पाठवलेल्या माशांना १८६६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्युंथरने त्याचं नाव दिलं. पुढे पीटर्सचं नाव आधीचं म्हणून तेच शास्त्रात टिकलं, पण लोकांच्या तोंडी राहिला तो गप्पी. ईल माशांची जन्मभूमी शोधणारा डॅनिश संशोधक योहान्स श्मिट याने १९२० मध्ये दाखवून दिलं की गप्पीच्या नराच्या अंगावरचा ठरावीक ठिपका बापाकडून थेट मुलाकडे जातो, मुलीत कधी दिसत नाही. दोन वर्षांनी ऑयविंड विंग याने त्याचा संबंध वाय गुणसूत्राशी जोडला. आनुवंशिकीच्या सुरुवातीच्या काळात वायवर प्रत्यक्ष काही गुण असतात, याचा हा ठोस पुरावा होता.

नर इतके नटतात का, याचं उत्तर शोधलं जॉन एंडलर याने, त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत. ओढ्याच्या खालच्या भागात मोठे शिकारी मासे असतात, धबधब्यांच्या वर ते पोचत नाहीत. खाली नर फिकट, वर नर रंगीत. १९७६ मध्ये त्याने खालचे गप्पी उचलून वरच्या, शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांनी, म्हणजे सुमारे पंधरा पिढ्यांनी, तिथल्या नरांच्या अंगावरचे ठिपके वाढले होते. माद्यांना नारिंगी रंग आवडतो. नारिंगी ठिपक्यांतली काही रंगद्रव्यं माशाला शरीरात तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. नारिंगी नर म्हणजे खाणं शोधण्यात पटाईत नर. हा जाहिरातीचा सगळा खर्च मात्र मादीवर नसतो, म्हणून ती साधी राहते. शिकारी माशाला ती सहज दिसत नाही, हा तिचा फायदा.

पोटात पिल्लं वाढवणारे मासे आपल्याला परके नाहीत, हे ठाण्याच्या मासळी बाजारात उभं राहिल्यावर कळतं. कोळणीच्या पाटीत मुशी असते ना, ती. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळणारी मुशी म्हणजे स्कॉलिओडॉन, मुंबई विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या कैक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत चिरलेला तोच छोटा शार्क. तिची पिल्लंही पोटात वाढतात, आणि गप्पीपेक्षा एक पायरी पुढे जाऊन नाळेतून पोसली जातात. मुशी उलटी केली की नराच्या पोटाखालच्या परांच्या जोडीला आतून दोन लांब दांडे जोडलेले दिसतात, मादीला ते नसतात. गप्पीत गुदपर, मुशीत श्रोणीपर. दोन्ही गटांनी परालाच हाताशी धरलं, पण वेगवेगळ्या. पाटीतली मुशी नर की मादी हे सांगायला कोळणीला क्षणभरही लागत नाही.

ठाणे जिल्ह्यात गप्पी हा शोभेचा मासा म्हणून नंतर आला, आधी आला तो आरोग्य खात्याचा मासा म्हणून. १९०८ च्या सुमारास तो भारतात आला, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. त्याचा चुलता गॅम्ब्युशिया १९२८ मध्ये इटलीहून आला. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची ओळ वाचत इथल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. शहरी हिवतापाचा मुख्य वाहक ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास गटारात नव्हे, तर गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामांवर साचलेलं पाणी अशा स्वच्छ पाण्यात वाढतो. अशा पाण्यात, आणि गॅम्ब्युशियाला न झेपणाऱ्या घाण पाण्यातही, गप्पी टिकतो. सरकारी मार्गदर्शिका सांगतात की पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो.

या कामासाठी नर-मादीचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या प्रश्नाच्या अगदी उलट आहे. विहिरीत किंवा हौदात सोडताना रंगीत नर निवडून काही मिळत नाही. हवी असते ती मोठी मादी, कारण ती जास्त खाते आणि दर तीन-चार आठवड्यांनी वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त पिल्लं देते. आणि एकटी मादीसुद्धा पुरते. गप्पीची मादी नराकडून मिळालेले शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, सहा-आठ महिनेही. नर नसताना ती वेतामागून वेत पिल्लं देत राहते. बादलीतल्या दहा माद्यांनी विहीर भरते ती अशी. हौदात पाणी कमी-जास्त होत राहिलं तरी एखादी पोटुशी वाचली की पुन्हा मासे होतात.

हाच गुण दुसरीकडे त्रासाचा. घरात नकोसे झालेले गप्पी ठाण्याच्या मासुंदा, उपवन किंवा कल्याणच्या काळ्या तलावात सोडून पुण्य लागतं, असं मानणारे लोक आहेत. एकच मादी सोडली तरी ती वसाहत उभी करू शकते आणि तिथल्या स्थानिक लहान माशांची अंडी व पिल्लं खाते. गॅम्ब्युशियाची गणना तर जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या जीवांत होते. हौदातला मासा हौदातच ठेवावा.

घरच्या टाकीसाठी दोन वाटा आहेत. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्यावेत, टोकदार पर एकेकाचा बघून. फक्त माद्या घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण दुकानातली प्रौढ मादी जवळजवळ नेहमीच फललेली असते. पिल्लं हवी असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. नर दिवसभर पाठलाग करतो, गोनोपोडियम पुढे करून हल्ल्यासारखा येतो, आणि एकट्या मादीला तो दमवून मारूही शकतो. मॉलीला जरा जड पाणी मानवतं. आमच्याकडच्या अनेक सोसायट्यांमध्ये नळाच्या पाण्यासोबत बोअरिंगचं पाणीही असतं. ते पिण्याला नको वाटतं, मॉलीला चालतं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला एक दिवस बादलीत ठेवावं.

मादी विते तेव्हा पिल्लांना लपायला जावा मॉस किंवा कुठलंही दाट हिरवं असावं, कारण आई-बाप दोघंही पिल्लं खातात. जगलेल्या पिल्लांपैकी कोण नर, कोण मादी हे चौथ्या आठवड्यापासून दररोज बघायला लागावं. ज्याचा गुदपर लांबट होतोय असं वाटलं त्याला लगेच वेगळ्या भांड्यात काढावं. उशीर झाला तर भाऊच बहिणींना फळवतो, आणि नंतर किती काळजी घेतली तरी ती मादी महिने-महिने पिल्लं देत बसते. रोज संध्याकाळी दिवा लावून पाहिलं तर हे काम पाच मिनिटांचं आहे. ज्यांचे पर पसरटच राहिलेत त्यांना 'माद्या' म्हणून कुणाला देण्याआधी गप्पी असतील तर आणखी दोन महिने थांबावं. सोर्डटेल असतील तर सहा.